सात नंबरचा हात

पापड खिडकीच्या उजेडात धरला आणि मला कळलं, हा हात हौसाकाकूंचा नाही.

सकाळचे पावणेसात झाले होते. समोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात डबा. आमच्या केंद्राची रीत अशी होती की सकाळी यायचं, काल लाटलेले पापड तपासायला द्यायचे, आजचं पीठ वजन करून घ्यायचं आणि घरी जाऊन स्वतःच्या हाताने लाटायचं. स्वतःच्या हाताने, हा पहिला नियम. सून नाही, लेक नाही, शेजारीण नाही. जिचा नंबर तिचाच हात. हात बदलला की नंबर गेला.

मी तपासनीस होते. अठरा वर्षं तेच काम केल्यावर मला बायका चेहऱ्याआधी पापडावरून ओळखू यायच्या. मालनचा पापड कडेला जाड, कारण तिला कायम घाई. हौसाकाकूंचा नंबर सात. केंद्र सुरू झालं तेव्हा ज्या सात जणी होत्या, त्यांतल्या त्या शेवटच्या उरलेल्या. त्यांचा पापड मधून कडेपर्यंत एकसारखा असायचा आणि लाटण्याचा शेवटचा फेर डावीकडे जायचा, त्याची बारीक तिरकी खूण राहायची. एवढा भरवसा की त्यांचा पापड मी महिनोन्महिने उजेडात धरतच नसे; त्या दिवशी सहज धरला, तर त्यावर ती खूण नव्हती. गोल होता, स्वच्छ होता, पण लाटणं तीन ठिकाणी अडखळलं होतं. हा शिकाऊ हात होता.

"काय झालं गं, कुमुद?" काकूंनी विचारलं. त्यांचा उजवा हात पदराखाली होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हौसाकाकू, सोहमचा ताप उतरला का? फोन आला होता ना काल?"

आमच्या केंद्रप्रमुख, उज्ज्वला कणसे. हसत आल्या, काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलता बोलता त्यांना पिठाच्या काट्याकडे घेऊन गेल्यासुद्धा. एवढी घाई कशाची? काकूंचा नातू सोहम लांब आंध्रात, नेल्लूरला, ताप तिकडे, आणि विचारपूस नेमकी मी पापड उजेडात धरल्यावर!

मी तो पापड कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे मुरतंय ते शोधल्याशिवाय मला घास गोड लागला नसता.

उज्ज्वला कणसे चार महिन्यांपूर्वी सांगलीच्या मुख्य कार्यालयातून विट्याला आल्या होत्या. वय बत्तीस-तेहतीस. त्यांच्या आधीच्या प्रमुख बाई बोलायच्या कमी आणि ओरडायच्या जास्त, पण त्यांचं मला बरं वाटायचं. ओरडणारं माणूस निदान काय विचार करतंय ते कळतं. या बाई आल्या त्या हसतच. पहिल्या आठवड्यात त्रेसष्ट बायकांची नावं पाठ. दुसऱ्या आठवड्यात मुलांची नावं, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची म्हैस व्यायली. आणि कचेरीच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला. कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेली पाच वाक्यं होती: हसून बोला. समोरच्याचं नाव घ्या. आधी ऐका. चारचौघांत चूक काढू नका. समोरच्याला मोठेपण द्या.

"चारचौघांत चूक काढायची नाही, मग मी काय करायचं?" मी विचारलं होतं. "पापडाच्या कानात सांगायचं?"

त्या मनापासून हसल्या. "कुमुदताई, तुमच्यासारखं बोलता आलं असतं तर मला कागद लावावा लागला नसता."

झालं! मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला निघालेल्या. पाचवं वाक्य, मी मनात म्हटलं.

माझा गोड बोलण्यावरचा विश्वास कधीच उडाला होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या भागातले निम्मे पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. माझा नवरा राजमहेंद्रीला होता. त्याच्यासारखा गोड बोलणारा माणूस मी पाहिला नाही. सासूच्या शेजारणीचंसुद्धा नाव घेऊन चौकशी करायचा. "कुमुद, पुढच्या दिवाळीला तुला तिकडं न्हेतो" हे त्याने अकरा दिवाळ्या सांगितलं, आणि बाराव्या दिवाळीला कळलं की तिकडे त्याची बायको आहे, दोन मुलं आहेत. तेव्हापासून कुणी हसून माझं नाव घेतलं की मी आधी त्याचे हात बघते.

उज्ज्वलाबाईंकडे एक निळी डायरी होती. कुणाशी बोलणं झालं की कोपऱ्यात जाऊन दोन ओळी लिहायच्या. काय लिहितात ते कुणाला माहीत नव्हतं. त्या पापडाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोस्टात गेल्या आणि डायरी टेबलावर राहिली. मी दार लोटलं आणि उघडली. चोरी होती, मान्य आहे. पण माझ्या मते मी चोराच्याच घरात शिरले होते.

पानोपान आमचीच नावं. 'मालन: घाईत असते, सासरा अंथरुणाला खिळलेला. आधी सासऱ्याची चौकशी करावी.' 'शांता: शाळा चौथी, आकडे मोठ्याने विचारू नयेत.' 'हौसाकाकू: मुलगा नेल्लूर, नातू सोहम. उजवा हात. कुणाला कळू द्यायचं नाही.'

माझे कान तापले. म्हणजे बाईंना माहीत होतं! नियम मोडला जात होता आणि खुद्द केंद्रप्रमुख त्यावर पांघरूण घालत होत्या. कुणाला तरी चोरवाटेने आत आणत होत्या. आधी एका म्हाताऱ्या बाईच्या नंबरावर आपलं माणूस, मग हळूहळू बाकीच्यांवर, आणि शेवटी तपासनिसाच्या खुर्चीवर. मला सगळं चित्र लख्ख दिसलं.

मग मी पुढचं पान उलटलं. 'कुमुदताई: चहाला साखर कमी. जांभळी साडी आवडते. नवऱ्याचा विषय कधीही काढू नये.'

मी ते पान तीनदा वाचलं. माझ्या घरातली गोष्ट हिला कुणी सांगितली? आणि लिहून कशाला ठेवली? कुलूप कुठलं आहे ते लिहून ठेवणारा एक दिवस किल्ली घेऊन येतोच. मी डायरी होती तशी ठेवली. नवऱ्याचं कळलं त्यानंतर असा संताप मला आला नव्हता.

महिन्याची सभा आठ दिवसांवर होती. सांगलीहून अध्यक्षीणबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर नुसता पापड दाखवून चालणार नव्हतं, काकूंची कबुली हवी होती. आणि हौसाकाकू म्हणजे कसली बाई! दरडावून विचारलं असतं तर मेल्या असत्या, पण बोलल्या नसत्या.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मला माझंच कौतुक वाटलं. म्हटलं, बाईंचंच हत्यार बाईंवर चालवून बघू. पाच वाक्यं मलाही वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जांभळी साडी नेसून हौसाकाकूंच्या घरी गेले. अठरा वर्षांत मी त्यांच्या घरी फक्त तपासणीला गेले होते: पोळपाट धुतलेला आहे का, नखं कापलेली आहेत का, टोपल्यांवर जाळी आहे का. दारात मला बघून त्या घाबरल्या.

"तपासायला आलीस व्हय? थांब, पोळपाट दावते."

"न्हाई हो, हौसाकाकू." मी हसले. हसताना गाल दुखले, एवढी सवय मोडलेली. "सहज आले. म्हटलं बसावं जरा तुमच्यापाशी."

त्या बघतच राहिल्या. मग लगबगीने चटई टाकली. चहा ठेवायला निघाल्या, तर मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी ठेवते." डाव्या हाताने त्यांनी साखरेचा डबा पुढे सरकवला. उजवा पदराखालीच.

"सोहम कसा हाय, काकू? किती वर्षांचा झाला?"

मग त्या बोलायला लागल्या. नातू सात वर्षांचा, पण आजीशी फोनवर तेलुगूत बोलतो. सुनेला मराठी येतं, पण मोडकं. मुलगा म्हणतो, आई, एकटी काय करतेस, घराला कुलूप लाव आणि इकडे ये. मी मधे बोलले नाही. आधी ऐका, तिसरं वाक्य.

"म्या गेल्ते गं एकदा, दीड म्हैना ऱ्हायले," काकू म्हणाल्या. "सोन्यासारखी मान्सं हायती. पन कुनाशी बोलू? सकाळी दार उघडून उभी ऱ्हायची, तर शेजारीन हसायची, मी हसायची. दीड म्हैना नुस्तं हसले बघ. हितं सकाळी डबा घिऊन रांगंत उभी ऱ्हायले की 'सात नंबर' म्हनून हाक येती. कुनीतरी हाक मारतंय, तवर मानूस हाय म्हनायचं."

"तुम्ही तर केंद्राचा पाया, काकू," मी म्हटलं. "तुमच्यासारखा पापड पुन्हा कुणाला जमला नाही." पाचवं वाक्य. यात खोटं काहीच नव्हतं, तरी ते मी गळाला लावून टाकलं.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अठरा वर्सांत आज पैल्यांदा म्हनलीस गं तू."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले आणि आवाज उतरवला. "हौसाकाकू, हात कसा हाय?"

चुलीवरचा चहा उतू गेला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. मग त्यांनी पदर बाजूला केला. उजवा हात मांडीवर ठेवला, आणि तो आपोआप थरथरत राहिला.

"गनपतीपास्नं असं झालंय. डाक्टर म्हनतो, गोळ्या घ्या, पन पैल्यासारखा हुईल का सांगता येत न्हाई. लाटनं धरवत न्हाई गं, कुमुद. दुसरंच मानूस लाटतंय माझ्या नावावर. रोज तिनिसांजंला येतंय, माझ्याकडनंच शिकलं आन् लाटतंय. मला झोप लागत न्हाई. अठरा वर्सं इमानानं केलं आन् आता हे."

"कोण लाटतंय?"

"ते नगं इचारू. म्या शबुद दिलाय." त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. "तुला सांगितलं, बरं वाटलं. कुनाला तरी सांगायचंच हुतं. तू कुनाला बोलू नगंस."

मी त्यांचा हात दाबला आणि म्हटलं, "काळजी करू नका, काकू."

घरी येताना मी खुशीत होते. हे सांगायला आज जीभ जड होते, पण खुशीत होते, आणि खोटं सांगून आता कुणाला मोठेपण देऊ? वाटेत मला हसूसुद्धा आलं. काय पण पाच वाक्यं! जे दरडावून अठरा वर्षांत निघालं नसतं, ते अर्ध्या तासात बाहेर आलं होतं.

सभेला सगळ्या त्रेसष्ट जणी सतरंजीवर बसल्या होत्या. अध्यक्षीणबाई खुर्चीवर, शेजारी उज्ज्वलाबाई विषयपत्रिका घेऊन. पाचवा विषय संपला आणि त्या सहावा वाचायला लागल्या, तशी मी उभी राहिले. हातात कागदाच्या दोन पुड्या.

"माझा एक विषय हाय," मी म्हटलं. "पत्रिकेत नसलेला."

दोन्ही पापड मी अध्यक्षीणबाईंच्या हातात दिले. एक जूनमधला, तपासणीचा नमुना म्हणून ठेवलेला, एक आठवड्यापूर्वीचा. "दोन्ही सात नंबरचे. उजेडात धरा. एक हात हौसाबाईंचा. दुसरा कुणाचा?"

सतरंजीवर कुजबुज उठली. उज्ज्वलाबाई हळूच म्हणाल्या, "कुमुदताई, हे आपण आत बसून बोलूया का? पाच मिनिटं. तुम्ही म्हणाल तसं करू."

"आत कशाला? चारचौघांत चूक काढू नका, चौथं वाक्य. पाठ हाय मला."

चारदोन बायका हसल्या. त्या हसण्याने मला आणखी जोर चढला. "आणि मी अंदाजानं बोलत न्हाई. हौसाकाकूंनी स्वतः माझ्यापाशी कबूल केलंय, त्यांच्या घरी बसून."

हौसाकाकू दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. घरात घेतलेल्या माणसाने उठून दाराची कडी बाहेरून लावावी, तसं त्या बघत होत्या.

अध्यक्षीणबाई कडक होत्या. "हौसाबाई, पुढे या. इथे एक पापड लाटून दाखवा."

पोळपाट आणला, लाटी ठेवली. काकू मांडी घालून बसल्या. उजव्या हाताने लाटणं धरलं, तर ते पोळपाटावर टकटक वाजायला लागलं. खोलीत तेवढी टकटक. त्यांनी डावा हात वर दाबून धरला, तरी लाटी घरंगळून सतरंजीवर पडली.

उज्ज्वलाबाई खुर्चीवरून उठल्या आणि काकूंच्या शेजारी खाली बसल्या. त्यांच्या हातातलं लाटणं अलगद काढून घेतलं. नवी लाटी घेतली, तेलाचं बोट लावलं आणि लाटायला लागल्या.

तिसऱ्या फेरालाच मी ओळखलं. तोच शिकाऊ हात. तीन ठिकाणी अडखळणारा.

"दोन महिने मी लाटतेय," त्या अध्यक्षीणबाईंना म्हणाल्या. "काकूंचा दोष नाही. त्या नको म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही."

"तुम्ही केंद्रप्रमुख आहात!"

"हो. म्हणूनच माझी चूक जास्त मोठी आहे."

मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळेल. डायरीतलं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्रेसष्ट बायकांसमोर माझा नवरा काढायला तिला एक वाक्य पुरेसं होतं. ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, "कुमुदताईंचं बरोबर आहे. नियम नियमच आहे."

उज्ज्वलाबाईंचा राजीनामा त्याच दिवशी घेतला. सात नंबर कायमचा बंद झाला. आणि अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटून सांगितलं की नवी नेमणूक होईपर्यंत केंद्र कुमुदताई सांभाळतील. टाळ्या वाजल्या. मालन वाजवत नव्हती.

संध्याकाळी उज्ज्वलाबाई कचेरीत आवराआवर करत होत्या. मी किल्ल्या घ्यायला गेले. भिंतीवरचा कागद त्या नखाने सोलत होत्या.

"ते सगळं पुस्तकातलंच होतं ना?" मी विचारलं. मला अजूनही जिंकायचं होतं. "ती नावं, ती चौकशी. लिहून, पाठ करून."

"हो," त्या म्हणाल्या. "मला लहानपणापासून माणसांशी बोलायला जमत नव्हतं. वर्गात कुणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. मग शिकले. अजूनही लिहून ठेवलं नाही तर चुकते."

"म्हंजे खोटंच की."

त्यांनी सोललेल्या कागदाची घडी केली. "पापड लाटणंही मी दोन महिन्यांपूर्वीच शिकले, कुमुदताई. तेही खोटे होते का?"

मी दुसरीकडे बघितलं. टेबलावर सभेची विषयपत्रिका पडली होती. सहावा विषय मी तेव्हा वाचला: 'हात-पाय थकलेल्या जुन्या सभासदांना नंबर कायम ठेवून शिकवण्याचं बैठं काम देणे.' खाली पहिलं नाव, हौसाबाई शितोळे, नंबर सात.

"मला आधी का न्हाई सांगितलं?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"सांगणार होते. पण तुम्ही नियमाच्या बाई. सांगितलं असतं तर तुम्हाला रोज सकाळी खोटं बोलावं लागलं असतं. म्हटलं, तेवढं तुमच्यावर कशाला? आठच दिवसांचा प्रश्न होता."

किल्ल्या माझ्या हातात ठेवून त्या गेल्या. डायरी बरोबर नेली. पुढे त्या कुठे गेल्या, मला माहीत नाही. मी कधी शोधलंही नाही, कारण सापडल्या असत्या तर काय बोलायचं हे मला कुठल्याच कागदावर मिळालं नसतं.

सहावा विषय पुढच्या सभेत मी मांडला. ज्या केंद्रात फसवणूक झाली तिथे सवलत कशी द्यायची, असं म्हणून तो फेटाळला गेला. मंजूर झाला तो चार वर्षांनी. नवी नेमणूक झालीच नाही, मीच एकोणीस वर्षं केंद्रप्रमुख होते. सगळ्यांची नावं पाठ केली, मुलांची नावं, कुणाचा गुडघा दुखतो ते. लिहून ठेवत होते. बायका म्हणायच्या, कुमुदताई किती बदलल्या! गेल्या वर्षी केंद्राच्या नव्या प्रमुख मुलीने मोबाइलवर तसलीच काही वाक्यं दाखवून विचारलं, "ताई, ही जुनी वाक्यं आता चालतात का हो?" मी म्हटलं, "चालतात, बाई. फार चालतात." तिला वाटलं मी कौतुक करतेय.

पण हे नंतरचं. हौसाकाकू गेल्या त्या सभेनंतर पंधरा दिवसांनी. मुलगा न्यायला आला होता. घराला कुलूप लागलं. रेल्वेसाठी मिरजेला जाणारी एसटी सकाळी साडेसहाची, म्हणजे आमची रांग लागायची तीच वेळ. त्या दिवशी तपासणी मालनवर टाकून मी स्टँडवर गेले. का गेले, सांगता येणार नाही. माफी मागायची असं ठरवून निघाले होते, पण वाटेत शब्द जुळेनात.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काच सरकवली.

"आलीस व्हय? बरं केलंस."

"काकू, मी..."

"ऱ्हाऊ दे. तुजी चूक न्हाई. नेम म्हंजी नेम. तू तपासनीस हाईस, तुला सांगायलाच लागनार." मुलगा टपावरच्या सामानाकडे बघत खाली उभा होता. त्यांनी खिडकीतून वाकून आवाज उतरवला. "मला यकच सांग. त्या दिशी घरी आलीस, चा केलास, माज्याजवळ बसून 'हात कसा हाय' म्हनलीस. ते मनापासनं इचारलंस न्हवं? राती पडल्या पडल्या त्योच इचार येतोय. तेवढं सांग, म्हंजी मी जाते."

कंडक्टरने घंटी मारली. काकूंचा उजवा हात खिडकीच्या गजावर थरथरत होता आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हसले.

"व्हय, हौसाकाकू," मी म्हटलं. "मनापासनं."

त्या हसल्या, आणि एसटी निघाली.